आमच्या परसांतील शिंजीर

अमेरिकेंत हमिंगबर्ड नांवाचा एक चिमुकला पक्षी आहे. परसांत साखरेच्या पाण्याचें भांडें टांगलें कीं तो येतो व हवेंत स्थिर राहून तें पितो, असें वाचून आम्हां दोघां भावंडांसही तशी हौस वाटली. उत्तर व दक्षिण अमेरिका सोडून हा पक्षी कोठेंच नाहीं, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. पनवेलच्या आमच्या परसांत टांगलेल्या वाटीवर केवळ मुंग्या आल्या!

परंतु शेजारच्या जास्वंदीवर एक पाहुणा रोज येतच होता. तो जांभळा शिंजीर. हमिंगबर्डाशीं त्याचें जवळचें नातें नाहीं. पण दोघांसही फुलांतील मध प्रिय, म्हणून चोंच तशीच लांब व बारीक. विणीच्या दिवसांत नराचा रंग उन्हांत धातूप्रमाणें चकाकतो. मादी मात्र साधी, वर तपकिरी व खालीं पिवळसर. शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच मध पितो. जास्वंदीचें फूल खोल. म्हणून तो बुडाशीं भोंक पाडून मध चोरतो! तो क्षणभरही स्वस्थ बसत नाहीं. तेव्हां त्याच्यामागें न धावतां एका फुलावर कॅमेरा रोखून वाट पाहावी, हें आम्ही हळूहळू शिकलों.

मार्च महिन्यांत मादीनें लिंबाच्या फांदीस घरटें बांधलें. गवत, सालींचे तुकडे व कोळ्याचें जाळें यांची ती लोंबती पिशवी. दारावर छोटेंसें छप्पर. वाळका कचराच अडकला आहे असें वाटावें! दोन-चार पानें आड येत होतीं. तीं आम्हीं कात्रीनें छाटलीं व चित्र घेतलें. आजी म्हणाली, "अरे, तिच्या घराचा पडदाच काढलात कीं रे!" आम्हीं तें हंसण्यावारी नेलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं फांदीवर कावळा बसला होता व घरटें फाटून लोंबत होतें. मादी दिवसभर भोंवतीं ओरडत फिरली. त्या दिवशीं आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं. चित्र उत्तम आलें होतें. तें आम्हीं कोणासही दाखविलें नाहीं.

पुढील वर्षीं त्याच झाडावर पुन्हां घरटें झालें. या वेळीं आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकींतूनच पाहत राहिलों. नरमादी दोघेंही पिलांस किडे व कोळी भरवीत. एके सकाळीं पिलें उडून गेलीं. कॅमेरा कपाटांतच होता.

पनवेलीजवळ कर्नाळ्यास १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे. तेथें सहलीस जाणाऱ्या मित्रांनीं कॅमेरा अवश्य न्यावा; परंतु चित्रासाठीं एकही पान तोडूं नये, एवढीच आमची विनंति.