बदनापूरचा माठ आणि आजींची तहान

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की वाटेत बदनापूर लागते. शेतकऱ्यांना हे गाव येथील कृषी संशोधन केंद्राच्या ‘बीडीएन ७११’ या तुरीमुळे परिचित आहे. मला मात्र ते आठवते उन्हाळ्यातील माठ-रांजणांमुळे. गिऱ्हाईक टिचकी मारून कान देते. खणखणीत वाजला तर माठ घ्यायचा, भद्द वाजला तर तो तडकलेला.

कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद कालवतो. भाजताना लीद जळते आणि मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना आतील उष्णता घेऊन जाते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ म्हणूनच गार, आणि पावसाळी दमट हवेत तोच निष्प्रभ. प्राचीन ग्रीकांच्या ‘हायड्रिया’ या जलकुंभास तीन कान असत. दोन उचलण्यासाठी, एक ओतण्यासाठी. आपल्या घागरीला कान नाही. तिचा भार चुंबळीने आणि कमरेने पेलला, आणि त्या कमरा आता माझ्या दवाखान्यात येतात.

गेल्या वैशाखात येथील एका घरी पंचाहत्तरीच्या आजींना पाहिले. चक्कर, कोरडी जीभ, गडद लघवी, बोलण्यात थोडा गोंधळ. “रांजण भरलेलाच असतो डॉक्टरसाहेब, पण सासूबाई पाणी पीतच नाहीत,” सून म्हणाली. रांजण अंगणात, अर्धा जमिनीत पुरलेला. गुडघ्यांमुळे आजींना वाकवत नव्हते. दर वेळी हाक मारण्याचा संकोच. शिवाय वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. त्या दिवशी सलाइन लावावे लागले. दुसऱ्याच दिवशी मुलाने तोटीचा माठ आणून पलंगाशेजारी, कमरेच्या उंचीच्या तिवईवर ठेवला.

माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. त्यात उकळून निववलेलेच पाणी भरावे. तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, हात बुडवू नये. झाकण हवेच. आठवड्यातून एकदा माठ घासून कोरडा करावा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

परवा त्या घरी गेलो, तेव्हा आजींनी स्वतः तोटी फिरवून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. पाण्याला ओल्या मातीचा वास होता.