हँडलिंग म्हणजे काय रे?

दसऱ्याच्या आधी आम्ही दोघं नवरा-बायको नगर रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गेलो. काचेचं दार ढकलतो तोच एक मुलगा धावत आला. "सर, ओळखलं का? दहावीला तुमच्याकडे मराठी होतं." उर्दू माध्यमाच्या शाळेत मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे असे विद्यार्थी कुठेही भेटतात. त्याने खुर्च्या ओढल्या, चहा सांगितला. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी अवघडही झालं. आता याच्याशी घासाघीस कशी करायची?

गाडीची गरज खरी होती. अम्मी-अब्बा दौंडला, आम्ही शिरूरला. अंतर फार नाही. पण रात्री अकराला फोन आला की अब्बांना धाप लागलीय, तेव्हा एसटी नसते. न्हावरा-चौफुल्याच्या रस्त्याने दोनदा मित्राच्या गाडीतून गेलो. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली. नऊ वर्षांची भिशी आणि बायकोच्या शिलाईचे पैसे मिळून रक्कम जमली होती. त्यातला मोठा वाटा तिचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला होता. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के कर आणि वर १ टक्का सेस होता. आता सरसकट १८. आम्ही पाहत होतो ती गाडी त्यामुळे साधारण साठ हजारांनी उतरून साडेसहा लाखांवर आली होती. "सर, साठ हजार तर आधीच कमी झालेत, आता आणखी काय मागायचं?" मुलगा हसत म्हणाला. मी मान डोलावणार होतो. बायको हळूच म्हणाली, "पहले कागज देखो, चाय बाद में."

मग उमगलं. ते साठ हजार सरकारने सोडले होते, शोरूमने नव्हे.

त्याने कोटेशन छापून आणलं. एक्स-शोरूम ६,५०,०००. आरटीओचा कर ७१,५००. विमा ४१,२००. हँडलिंग ८,५००. इसेन्शिअल किट १४,९००. वाढीव वॉरंटी १२,६००. फास्टॅग वगैरे किरकोळ धरून आठ लाखांच्या घरात.

मी भाषेचा मास्तर. आकड्यांपेक्षा शब्दांवर अडकतो. विचारलं, "हँडलिंग म्हणजे काय रे? मराठीत सांग."

तो थांबला. "गोदामातून गाडी इथे आणायचा खर्च, सर."

"म्हणजे दुकानदाराने माल दुकानात आणायचा खर्च. तो किमतीत नसतो का?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर तो प्रश्न त्याचा नव्हताच.

एकेक ओळ घेत गेलो. आरटीओच्या कराला हात लावता येत नाही. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तो ११ टक्के. शिरूरची एमएच-१२ असो की दौंडची एमएच-४२, दर तोच. विम्याचं मात्र तसं नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तो जीएसटी सोडून १०,६४० रुपये, कुठूनही घ्या. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो शोरूमकडूनच घ्यावा असं बंधन नाही. बायकोने तिथेच बसून मोबाइलवर तसाच विमा शोधला. एकतीस हजारांत मिळत होता.

मग मॅनेजर आले. म्हणाले, "लोन घ्या, पंधरा हजार कमी करतो. सहा महिन्यांनी बंद करून टाका." शोरूमला बँकेकडून कमिशन मिळतं, हे मला ठाऊक होतं. व्याज द्यायचं नाही, हे आमचं आधीच ठरलेलं. माझे कितीतरी मित्र, मुसलमानही, हप्त्यावरच गाडी घेतात. मी त्यांना बोल लावत नाही. पण नऊ वर्षं ज्यासाठी थांबलो, ते पंधरा हजारांत सोडवेना. "चेकने देतो," म्हटलं. मॅनेजरांचा चेहरा उतरला.

शेवटी हँडलिंग गेलं. किटमधलं फक्त पायपुसणी आणि मडफ्लॅप ठेवले, तीन हजारांत. विमा त्यांनी तेहेतीस हजारांत दिला. क्लेमची धावपळ जवळच होईल म्हणून आम्ही तिथूनच घेतला. वॉरंटी ठेवली, कारण ती हवी होती. २८,६०० रुपये वाचले, आणि यात 'डिस्काउंट' म्हणून एक रुपयाही नव्हता.

बाहेर सोडायला आलेल्या मुलाला विचारलं, "यात तुझं किती गेलं?" तो ओशाळला. "किटवर थोडा इन्सेंटिव्ह असतो, सर. चालतं."

परतताना ते 'चालतं' कानात राहिलं. अब्बा दौंडच्या बाजारात हातगाडीवर कापड विकायचे. गिऱ्हाईक भाव पाडत पाडत एका जागी आलं की ते कापडाची घडी घालून ठेवायचे. आवाज चढवायचे नाहीत. त्या घडीपलीकडे आमचं जेवण होतं.

कुरआनमध्ये अल-मुतफ्फिफीन नावाची ८३वी सूरह आहे. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, यांच्याविषयी. ती आपण नेहमी दुकानदाराला ऐकवतो. पण मेथीच्या जुडीवर पाच रुपये सोडवणारा आणि एसी शोरूममध्ये साडेआठ हजारांवर गप्प बसू पाहणारा मी, माझं माप कोणतं? मेथीवालीचा भाव उघडा असतो, त्यात लपवलेलं काही नसतं. जिथे लपवलेलं असतं तिथेच माझी जीभ अडखळते.

म्हणून त्या दिवशी विचारलं ते बरंच झालं. पण नको असलेलं किट मुलासाठी घेणं हाही न्याय नव्हता. त्याचा पगार माझ्या पायपुसण्यांवर अवलंबून ठेवणं हा त्याच्या मालकाचा हिशेब आहे. मला जमलं ते एवढंच: शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना त्याचा नंबर दिला. कंपनीचा फोन आला तेव्हा त्याला दहापैकी दहा गुण दिले. ते त्याने कमावले होते. विचारलेली एकही ओळ त्याने झाकली नव्हती.

पहिल्या रविवारी गाडी दौंडला नेली. अब्बांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न केला, "कितने को दिया?" बायकोने पर्समधून कोटेशन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि खोडलेल्या ओळी एकेक करून वाचल्या.