डिसेंबरचा गोवा आणि तुमच्या हातातला ग्लास

डिसेंबरमध्ये गोव्याला जायचं ठरलं की ग्रुपवर हॉटेलच्या आधी बाटलीची चर्चा सुरू होते. 'तिकडे स्वस्त मिळते ना!' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. स्वस्त मिळते हे खरं. पण गोवा म्हणजे फक्त दारू, हे मात्र आपण पर्यटकांनी ठरवून टाकलंय.

फेणीचंच बघा. २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे गोव्याचं पेय. काजूची बोंडं पिकतात उन्हाळ्याच्या तोंडावर. मग गावोगावी भट्ट्या लागतात, पहिल्या धारेचा उर्राक निघतो आणि तो पुन्हा गाळला की कडक फेणी. उर्राक या हंगामातच प्यायचा असतो. डिसेंबरमध्ये कोणी 'ताजा उर्राक' म्हणून काही पुढे केलं, तर हसून पुढे चला. आणि फेणीची चव घ्यायचीच असेल तर ती घोटाघोटाने घ्या. एका दमात ग्लास रिकामा करून तिचा वासही कळत नाही.

आता थोडा हिशेब. ३० मिली व्हिस्की किंवा रम, म्हणजे एक स्मॉल, त्यात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे जवळपास चार स्मॉल! 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्या दादाला हे नक्की दाखवा. आपलं यकृत तासाला साधारण एक स्मॉलच निपटवतं. रात्री नऊला सुरू करून पाच लार्ज घेतले, तर सकाळी सातच्या सुमारास कुठे रक्त साफ होईल. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी झोप उडेल, अल्कोहोल नाही. तेव्हा आठला ओल्ड गोवा बघायचंय म्हणून पहाटेच भाड्याची स्कूटर काढायचा बेत असेल तर विचार करा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. गोव्यातही तीच.

'सुट्टीत चार दिवस, त्याने काय होतं?' यालाही उत्तर आहे. एरवी कमी पिणाऱ्याने सणासुदीत खूप घेतली की हृदयाचे ठोके अचानक अनियमित होऊ शकतात. डॉक्टरांनी त्याला 'हॉलिडे हार्ट' असं नावच दिलंय. छातीत धडधड थांबत नसेल, चक्कर येत असेल, तर 'झोपला की उतरेल' म्हणू नका, दवाखाना गाठा. कर्करोगाचा धोका तर ब्रँडवर ठरतच नाही, महागड्या वाइनमध्येही अल्कोहोल तेच. पूर्णपणे सुरक्षित असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्टच सांगितलंय.

म्हणून घ्यायची असेल तर आधी पोटभर जेवा, दोन ग्लासांच्या मध्ये पाणी प्या, किती घेणार ते मोजून ठरवा. प्यायल्यावर समुद्रात उतरू नका, गुडघाभर पाण्यातही नाही. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि गरोदरपणात एक घोटही नको. कोणी 'नको' म्हटलं की त्याला कोकम सोडा मागवून द्या आणि विषय संपवा. एवढा साधा शिष्टाचार आपल्या पार्ट्यांमध्ये का नसतो, हे मला कळलेलं नाही.

आणि संध्याकाळी करायचं काय? पणजीत फोंतेन्हासच्या रंगीत गल्ल्यांतून पायी फिरा. बेकरीतून नाताळचा फराळ घ्या. बेबिंका, दोदोल, नेवऱ्या, लहानमोठ्या सगळ्यांना चालतील. ३१ तारखेला गावातल्या रस्त्यांवरून गेलात तर जुन्या कपड्यांत गवत भरलेला एक बाहुला दिसेल. तो 'ओल्ड मॅन', म्हणजे सरतं वर्ष. मुलं त्याच्यासाठी येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पैसे मागतात आणि मध्यरात्री त्याला पेटवतात. खिशात सुट्टे पैसे ठेवा, दहा पावलांवर दुसरी टोळी उभी असते.