एकाच अंगणातील सवंगडी

सन १९२२ मध्ये अमेरिकेतील चित्रपटनिर्माते हॅल रोच यांनी ‘अवर गँग’ ही मुलांच्या विनोदी लघुचित्रपटांची मालिका सुरू केली. खिडकीबाहेर काही मुले लाकडाच्या तुकड्यांवरून भांडत होती; ती पाहताना ही कल्पना सुचली, असे ते सांगत.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. पडद्यावर मात्र अर्नी मॉरिसन हा काळा मुलगा गोऱ्या सवंगड्यांबरोबर मनसोक्त हुंदडत होता. पुढे १९३० साली गोल टोपीवाला स्टायमी आला. त्याच्या हजरजबाबीपणापुढे भली भली मोठी माणसे निरुत्तर होत. मिस क्रॅबट्रीबाईंच्या वर्गात काळी-गोरी मुले एकत्रच बसत.

हे चित्र निर्दोष होते काय? नाही. काळी मुले भुताला अधिक भितात, अशुद्ध बोलतात, असे दाखवूनही प्रेक्षकांना हसविले जाई. खेळातला सोबती असा कित्येकदा थट्टेचा विषय होई.

१९४४ साली मालिका संपली. शाळांतील वर्णभेद घटनाविरुद्ध असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो १९५४ साली. शहाण्यासुरत्या माणसांना जे उमगण्यास इतकी वर्षे लागली, ते त्या खोडकर मुलांनी खेळता खेळता दाखविले होते. सोबत्याबरोबर हसावे, सोबत्याला हसू नये. विनोदाची खरी कसोटी हीच होय.