मातीची गुणगुण

नांगरून ठेवलेल्या ओल्या शेतात कानांवर ते जाडजूड हेडफोन चढवून उभं राहिलं की आधी नुसती शांतता असते. मग डोळे मिटावेत, आणि पायाखाली कुणीतरी तानपुरा लावून ठेवल्यासारखी एक बारीक, अखंड गुणगुण कानाशी यायला लागते. यंत्राची चकती जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरते, तिच्याबरोबर ती गुणगुणही किंचित खालीवर होते, एखाद्या ढेकळापाशी घोगरी होते, ओल्या चरावरून जाताना थरथरते, आणि मध्येच अवचित एक स्वच्छ, उंच सूर उमटतो. चांदी. निदान तांबं तरी.

आतेभावाचं हे जुनं मेटल डिटेक्टर. तो इंग्लंडात, नॉरफोकमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी घेऊन पहाटेपासून रानात हिंडतो. तिकडे हा रीतसर छंद आहे; सोन्याचांदीचं पुरातन काही हाती लागलंच तर 14 दिवसांत अधिकाऱ्याला कळवायचं, एवढीच अट. मी पाहुणी म्हणून गेलेली. त्यानं कौतुकानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले, आणि नॉरफोकच्या त्या गारठ्यात उभी असलेली मी थेट रोह्याच्या ओटीवर जाऊन पोहोचले.

तिथे आजोबा दिवेलागणीच्या आधी पैशांची पेटी काढून बसत. पेटीत थोडे बंदे रुपये होते, काही शिवराया होत्या. बंदा रुपया अंगठ्यावरून उडवून जोत्याच्या दगडावर पाडायचा आणि मान तिरकी करून ऐकत राहायचं, हा त्यांचा विरंगुळा. नाद विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चांदीचा तो नाद लांबत लांबत माजघरातल्या अंधारापर्यंत जाई. शिवराई तशी वाजत नसे. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं झिजून झिजून जवळजवळ पुसट झालेलं ते जाड तांबं दगडावर ठक्कन बसे आणि तिथेच गप्प होई, आणि का कोण जाणे, मला तोच आवाज जास्त आवडे. मग 1947 चा निकेलचा रुपया. तो वाजे, पण कोरडा. “चांदी लढाईनं खाल्ली,” आजोबा म्हणत. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये ती उरलीच नाही, आणि मधल्या काळात, 1943 पासून, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, रोह्यात लहानाचे मोठे झालेले. त्यांच्या सहीची एक जुनी नोट आजोबांनी जपून ठेवली होती. ती सही ते अभिमानानं दाखवत, मग नोट अलगद दगडावर सोडत आणि हसत. “आपल्या रोह्याची सही, पण वाजत नाही बघ.”

आम्हा पोरांकडे असला कान नव्हता. आमचं यंत्र म्हणजे मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक. सुतळीला बांधून ते कुंडलिकेच्या काठच्या वाळूतून ओढत न्यायचं, आणि वर काढलं की त्याला काळ्या, केसाळ कणांची दाढी फुटलेली. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून झिजून नदीत आलेलं ते लोखंड. दाढी बोटांनी निपटून काढायची आणि पुन्हा सुतळी पाण्यात. कधी खिळे येत, कधी बैलाच्या खुराची अर्धी नाल, कधी कसलासा पत्रा. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे शाळेत शिकलो होतो, तरी शिवराई मिळेल ही आशा सुटत नसे. बोटांना येणारा तो लोखंडाचा वास मात्र हात कितीही घासले तरी रात्री भाताच्या घासापर्यंत सोबत करी. अजूनही गंजलेल्या कडीला हात लागला की भूक लागते मला.

त्या रात्री जेवणानंतर आतेभाऊ नव्या यंत्राचं स्वप्न रंगवत बसला. जुन्याचं वजन खांद्याला लागतं, म्हणून कार्बन फायबरची दांडी हवी, सगळं मिळून किलोच्या आत. हेडफोनला वायर नको, आणि वायर नसली तरी आवाजाला क्षणाचाही उशीर नको. सेलची कटकट नको, फोनच्याच वायरनं चार्ज व्हायला हवं. पाण्यात बुडवता यावं, पाण्याखाली काही ऐकू येत नसेल तर मुठीला थरथर जाणवावी, पडद्याला रात्रीचा उजेड असावा, कुठे काय सापडलं ते नकाशावर आपोआप टिपलं जावं. बोलता बोलता तो पुन्हा दहा वर्षांचा झाला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो म्हणाला, ही सततची गुणगुण नको. हल्ली ती बंद करता येते. नुसती शांतता, आणि हवं ते आलं की तेवढाच सूर. लोखंड असलं तर यंत्रानं तोंडही उघडायचं नाही.

सोयीचंच आहे. लोखंडाच्या शेजारचं नाणं मुकं होतं, खिळ्याच्या घरघरीत चांदीचा सूर बुडून जातो, हे त्यानं मला शेतात दाखवलंही होतं. तरी मनात पेण-रोह्याची जमीन येत राहिली. वाशी-वढावच्या खारेपाटात यंत्र नेलं तर तिथल्या ओल्या मिठानंच ते बरळायला लागेल. त्यावर उपाय म्हणून आता एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकणारी यंत्रं निघाली आहेत, मीठ वजा करणारी. खारातलं मीठ वजा केलं, रोह्याच्या मातीतलं काळ्या कातळाचं लोखंड वजा केलं, नांगराचे फाळ, गलबतांचे खिळे, बैलांच्या नाला वजा केल्या, तर मग आमच्या गावांतून उरायचं काय? एखादी शिवराई. ती मोलाची, नाही कशाला म्हणू? पण तिच्या भोवतीनं कितीतरी माणसं घाम गाळत वावरली, आणि ती सगळी लोखंडातच बोलतात.

तसंही आपल्याकडे हे यंत्र घेऊन कुणी हौसेनं शेतं धुंडाळू लागला तर भानगडच. 1878 चा कायदा आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं की कलेक्टरांना कळवायचं. आपल्या बाबतीत म्हणजे अलिबागला.

आत्या पेणला असते. व्हिडिओ कॉलवर लेकानं तिला नव्या यंत्राची सगळी कहाणी ऐकवली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “दादांचा कोयता सापडेल का रे त्यानं? रोह्याच्या वाडीत, पुराच्या गाळात गेलेला?”

“लोखंड ते ऐकत नाही, आई. मुद्दामच तसं लावलेलं असतं.”

“मग एवढे पैसे कशाचे?”

तो हसला. लोखंडासकट सगळं ऐकायचं एक बटण असतं, म्हणाला. काही यंत्रांवर तर त्याला चक्क घोड्याच्या नालेचं चित्र असतं. पण ते सहसा कुणी दाबत नाही, डोकं उठतं नुसतं.

“इकडे आलास की तेवढंच दाब,” आत्या म्हणाली, आणि तिनं लगेच जागाही सांगायला सुरुवात केली. विहिरीच्या उजव्या अंगाला, रामफळाच्या पलीकडे, सुपारीच्या दुसऱ्या ओळीत. आतेभाऊ कागद शोधायला उठला आणि मी मनातल्या मनात त्या गंजक्या कोयत्याची किंमत लावत बसले: दहा रुपयांच्या आत बसेल की अलिबागला कळवावं लागेल?