तीन पावत्या

यंत्राची चूक माणसाच्या पगारातून वळती झालेली मी एकदाच पाहिली आहे, आणि ती चूक माझ्याच हातची होती.

वरसाव्याच्या नाक्यावर ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता अहमदाबादच्या हमरस्त्याला मिळतो आणि लगेच पुढे खाडीवरचा पूल लागतो. २०२३ साली तिथे नवा पूल खुला झाला. त्याआधीच्या कोंडीत ज्याने एकदाही तास-दोन तास काढले नाहीत, तो माणूस भाग्यवानच म्हणायचा. त्या बाजूच्या एका वजनकाट्यासाठी मी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. ट्रक काट्यावर चढला की एक कळ दाबायची, वजन पडद्यावर येते. दुसरी दाबायची, पावती छापून निघते. काम एवढेच, पण मला त्याचा बराच अभिमान होता.

दोन महिन्यांनी मालकांचा फोन आला. "तुमचा प्रोग्रॅम ठीक आहे हो, आमचा माणूस ठीक नाही!"

रात्रपाळीचे काका एकेका गाडीच्या तीन-तीन पावत्या छापतात, पावतीचे नंबर पुढे पळतात आणि गल्ल्यात पैसे मात्र एकाच पावतीचे, अशी तक्रार होती. जादा पावत्या बाहेर विकल्या जात असणार, असा मालकांचा कयास. तूट पगारातून कापायला सुरुवातही झाली होती. मी फक्त नोंदी काढून द्यायच्या. काकांना निरोप द्यायचा की नाही, ते मग ठरणार होते.

नोंदी काढल्या. तिन्ही पावत्या एकाच सेकंदातल्या! लबाडी करणारा माणूस इतकी घाई करीत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण घरी प्रोग्रॅम चालवून पाहिला तर तो कसा लोण्यासारखा चालला. मीही मनात म्हटले, काकांचेच काहीतरी असणार. आपल्याच ओळी पुन्हा वाचण्यापेक्षा दुसऱ्यावर संशय घेणे फार सोपे, नाही का?

तरी एका रात्री काट्यावर जाऊन बसलो. काकांनी चहा मागवला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "साहेब, तीनदा दाबत नाही असं मी म्हणत नाही. दाबतो. पण पहिल्यांदा त्यानं ऐकलंच नाही, तर माणूस काय करील? मागं गाड्या हॉर्न मारत उभ्या असतात."

तेवढ्यात खडीचा एक ट्रक चढला. ड्रायव्हरने इंजिन बंद केले नाही. रात्रीच्या रांगेत कोणीच करीत नाही. काट्यावरचा आकडा थरथरू लागला. १८,२४०, १८,२६०, पुन्हा १८,२४०. काकांनी वजनाची कळ दाबली आणि पडदा थिजला. मग छपाईची कळ एकदा, दोनदा, तीनदा. चार सेकंदांनी पडदा जागा झाला आणि छपाईयंत्राने खडखडत तीन पावत्या ओकल्या.

पुढच्या ट्रकला मी डीबगर लावला आणि पडदा थिजलेला असतानाच प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवला. मुख्य थ्रेड नेमका कोणत्या ओळीवर उभा आहे, ते पाहिले. 'वजन स्थिर होईपर्यंत वाट पाहा, फार तर चार सेकंद.' ओळ माझीच! घरी मी काट्याच्या जागी एक खोटा काटा जोडला होता. तो सदान्‌कदा १२,५०० सांगे. त्याला इंजिन कुठले?

वाचकांना आतली गोष्ट सांगायला हवी. कळ दाबली की ते टपाल प्रोग्रॅमच्या पेटीत पडते. मुख्य थ्रेड हा पोस्टमन. एकेक पत्र काढतो आणि त्याप्रमाणे काम करतो. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये साऱ्या प्रोग्रॅमांच्या कळांचे टपाल एकाच पेटीत येई, त्यामुळे एक अडला की सगळेच अडत. विंडोज ९५ ने ज्याची त्याला पेटी दिली. पण माझा पोस्टमन काट्यापाशी आकडा निरखीत उभा राहिला, आणि पेटीत पडलेली पत्रे हरवली नाहीत, तुंबली. मोकळा होताच त्याने तिन्ही इमानाने पोचवली. नोंदीत वेळ लागली ती कळ दाबल्याची नव्हे, त्याने पत्र उघडल्याची. पाच सेकंद पेटी उघडली नाही तर विंडोज 'प्रतिसाद नाही' अशी पाटी लावते. मी थांबत होतो चार! एका सेकंदाने माझी अब्रू वाचत होती आणि काकांची जात होती.

पहिली दुरुस्ती फसली. वजन घेताना छपाईची कळ बंद करायची आणि काम संपल्यावर उघडायची, असे केले. पण तुंबलेली पत्रे कळ उघडल्यावरच बाहेर येत, आणि पावत्या पुन्हा तीनच! शेवटी वजन वाचायला वेगळा थ्रेड दिला, पडदा मोकळा ठेवला आणि एका वजनाला एकच पावती असा निर्बंध घातला. पहाटेपर्यंत कितीही कळा बडवल्या तरी पावती एकच निघाली.

मालकांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कापलेले पैसे परत द्यायचे तर!" माझ्या बिलातून ते वळते करून घ्या, असे मी सुचवले. त्यांनी निम्मे घेतले.

पुढे एकदा त्या बाजूला गेलो असता काट्यावर डोकावलो. काकांनी कळ एकदा दाबली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पडदा लगेच हलला, तरी हात काही बाहेर आले नाहीत.