वरची फळी, खालची फळी

खामगाव, रात्री.

आज पशुऔषधांच्या दुकानात बराच वेळ उभा होतो. खालच्या फळीवर गाईम्हशींच्या कॅल्शियमचे पाच लिटरचे कॅन, धूळ बसलेले. वर काचेआड लॅब्राडोरचं चित्र असलेली 200 मिलीची बाटली. दोन्ही लेबलं वाचली: कॅल्शियम, फॉस्फरस, डी-3, बी-12. घटक तेच, प्रमाण थोडं कमीजास्त. मिलीमागे भाव मात्र कित्येक पट.

याचा मला राग येतो. सरकीच्या ढेपेसाठी घासाघीस करणारा शेतकरी व्यायलेल्या म्हशीचं टॉनिकही लिटरच्या हिशेबानं घेतो. कुत्रं पाळणारा मायेपोटी घेतो, भाव विचारत नाही. त्या मायेवर एवढा नफा काढणं मला पटत नाही.

म्हणून गाईचा कॅन कुत्र्याला पाजावा का? मुळीच नाही. चारशे किलोच्या जनावराचं माप वीस किलोच्या जिवाला लावता येत नाही. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते. ड जीवनसत्त्व शरीरात साचतं, अति झालं तर मूत्रपिंडावर बेततं. आणि संतुलित खाद्य खाणाऱ्या निरोगी कुत्र्याला बहुधा यातलं काहीच लागत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही.

शेजारच्या पोरानं गल्लीतल्या पिल्लासाठी तीच बाटली आणायला सांगितली होती. आणली नाही. उद्या दोघांना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतो. आधी जंतांचं औषध आणि रेबीजची लस विचारू.